एकमत

मुलांनो, डोळे मिटा आणि एक मोठं गोल टेबल बघा. भोवती बारा देशांचे प्रमुख, समोर कागदी झेंडे. टेबल म्हणजे भाटघरजवळच्या एका शाळेतली जोडून ठेवलेली बाकं. विषय एकच, पाणी कोणी आणायचं?

दिवाळीपासून शाळेची मोटर बंद होती. तेव्हापासून खालच्या विहिरीवरून कळशा आणत होत्या चौथीच्या मुली. त्या वर येईपर्यंत खिचडी गार झालेली असायची.

मालिनीबाई म्हणाल्या होत्या, "जगातले नेते जमतात तशी परिषद भरवू. नियम आपल्या ग्रामसभेचे. गणपूर्तीला मात्र निम्मे देश हजर हवेत. हजर देशांच्या एकमतानं जे ठरेल, ते उद्यापासून लागू."

अकरा देश वरच्या वर्गांनी घेतले. चौथीला उरलं समुद्रात बुडणारं एक बेट. ते अश्विनीकडे आलं. तिचे वडील गेनबा ग्रामपंचायतीत शिपाई. सभेच्या नोटिसा चिकटवताना खळीचा डबा तीच धरायची.

"आमी पाणी आणू," सातवीतला इंद्रजित म्हणाला. तो महासत्ता होता. "पण पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी तू हायस्कुलात जाणार!" अश्विनी म्हणाली.

"म्हणून तर वचन देतोय," सोनिया खुदकन हसली. तीही महासत्ताच.

मग ‘आणू’ लिहायचं की ‘आणण्याचा प्रयत्न करू’, यावर अर्धा तास गेला. बाईंच्या मोबाईलवर फोटो निघाला. उंच देश पुढे उभे राहिले, बेट दिसलंच नाही. तेवढ्यात खिचडीचा वास आला आणि महासत्ता उठल्या. त्यांच्यामागे बाकीचेही.

"ए बेट, बुडलीस का गं?" इंद्रजित दारातून ओरडला.

अश्विनीचे डोळे भरून आले. बाईंनी बाकं मोजली. "निम्मेही उरले नाहीत. सभा तहकूब. अडीच वाजता इथंच, हाच विषय. सगळ्यांना सांगा."

अश्विनीनं सगळ्यांना सांगितलं. मग कळशा आणल्या. गार खिचडी खाल्ली.

अडीच वाजता मैदानावर कबड्डी रंगली होती. वर्गात बाई आल्या, तर अकरा बाकं रिकामी.

"कोणीच नाही आलं?" बाई थकून खुर्चीत बसल्या. "जाऊ दे, बाळ. मोठ्यांच्या परिषदाही बऱ्याचदा अशाच संपतात. फोटो तेवढा राहतो."

"बाई, नियम ग्रामसभेचेच ना?"

"हो. का गं?"

"आमच्या नोटिशीत खाली एक ओळ असती. तहकूब सभेला गणपूर्ती लागत न्हाई. जेवढे येतील तेवढ्यांची सभा."

बाईंनी खडू पुढे केला.

अश्विनी उभी राहिली. "उद्यापासून पाणी सातवीनं आणायचं. कुणाचा विरोध?"

ती रिकाम्या बाकांकडे बघत थांबली. बाहेरून ‘कबड्डी, कबड्डी’ ऐकू येत होतं. मग तिनं स्वतःचाच हात वर केला आणि फळ्यावर लिहिलं: ठराव एक मताने मंजूर.

"‘एकमताने’ जोडून लिहितात," बाई म्हणाल्या.

"कसंबी लिवलं तरी तेवढंच हाय, बाई," ती म्हणाली, आणि कोपऱ्यातली रिकामी कळशी उचलून कबड्डीच्या मैदानाकडे निघाली.