अशीच अजून एक लाव

“ह्यात डाकू कवा येतो गं?” रतनबाईनं विचारलं.

“आज्जे, डाकू न्हाई. डॉक्युमेंट्री. खरी मानसं, खरी मेंढरं.” धनश्रीनं फोन तांब्याला टेकवून उभा केला.

फोनात बर्फाचा डोंगर होता आणि डोंगरावर मेंढरं. मागं एक दाढीवाला धनगर, कुठल्या मुलखातला कोण जाणे. लांडगा आला तशी रतनबाई उभीच राहिली. “आरं, डाव्या अंगाला बघ की, मुडद्या!” त्यानं डावीकडं बघितलं. ती खाली बसली, आपलंच ऐकलं अशा थाटात.

फिल्लम संपली. “अशीच अजून एक लाव.”

अशीच अजून एक होतीच. फोन म्हणजे साडीच्या दुकानातला गडी. एक काठ आवडला म्हणा, तसल्याच धा साड्या पुढ्यात आपटतो. वाळवंटातले मेंढके झाले, लोकर कातरणारे झाले, घोड्यावरून कळप हाकणारे झाले. चार दिवस घरात दुसरं बोलणं नव्हतं. सून बबिता भाकरी थापता थापता विचारायची, “त्या दाढीवाल्याच्या मेंढीचं काय झालं, आत्याबाई?”

“जुळी झाली!” रतनबाई सांगायची, जशी काही नातच बाळंत झाली.

चिडलेला होता तो एकटा परमेश्वर, तिचा लेक. “तिकडची मेंढरं बघत बसा. आपली कुठं चारू ते सांग, आये.”

त्याचं खोटं नव्हतं. अर्जुनरावानं गायरानाला तारेचं कुंपण घालून आत मोसंबी लावली होती. मोसंबीला पाणी आणि मेंढराला तार. वर पुन्हा, इथं गायरान कधी नव्हतंच, टेकडीपर्यंत समदं आमचंच, असं छाती काढून सांगायचा. मंडळ अधिकारी म्हणाले होते, कागद पुसट झालेत. सोमवारपर्यंत धनगर सोडून त्या काळचा एक माणूस उभा करा, जो सांगेल की गायरान होतं. माणूस आणायचा कुठून? गायरान बघितलेला हरिबा वारला, सुग्रीवही वारला. सोमवार चुकला की ऐंशीच्या ऐंशी मेंढरं आष्टीच्या बाजारात न्यायची, हे परमेश्वरानं ठरवून टाकलं होतं.

पाचव्या दिवशी फोननं एक जुनी सरकारी फिल्लम पुढं टाकली. पाझर तलावाची. रंग विटलेले. धनश्री किंचाळली, “आज्जे, ही तर आपली टेकडी!”

टेकडी आपलीच होती. खाली फेटा बांधून बंकटराव उभा, अर्जुनरावाचा बाप. तलावाचं काम त्यानंच गावाला आणलं होतं. मग मोसंबीच्या अलीकडं आजही असलेल्या धोंड्यावर बसलेलं पाच-सहा वर्षांचं गोरं पोर, गळ्यात ताईताची चांदीची पेटी. रतनबाईनं ती फिल्लम तीनदा बघितली. तिसऱ्या खेपेला तर फोन उचलून कानालाच लावला.

“अर्जुनमालकाला दावली पायजे,” ती म्हणाली.

“त्येला?” परमेश्वर भडकला. “आपलं रान गिळलं त्येनं, आन तू त्येला सिनेमा दावतीस?”

“खूस झाला तर एखादं फाटक सोडंल. तू गप ऱ्हा.”

अर्जुनरावाच्या ओट्यावर ती खाली बसली. उभ्या जन्मात ती कुणाच्या ओट्यावर खाली बसली नव्हती. फोन पुढं केला. “आवाज बसलाय फोनचा, मालक. पन चित्र झ्याक हाय.”

आंबलेलं ताक प्याल्यासारखं तोंड करून अर्जुनराव बघू लागला. मग ताडकन उठून त्यानं बायकोला हाक मारली. “सत्यभामा! इकडं ये! आबा बघ, आपला आबा! आन ह्यो... अगं, ह्यो मी! गळ्यातली पेटी बघ!”

“तुमीच कशावरून? कुनाचंबी आसंल पोर,” रतनबाई म्हणाली.

“कुनाचंबी? भुवईवरची खोक बघ, म्हातारे. बैलानं शिंग मारलंतं. मीच हाय!”

“मंग एकट्यानं कशाला बघता? गावाला दावा. सायबाला बोलवा. बंकटमालकाचं नाव निघंल.”

पुढचं सगळं त्यानंच केलं. मांजरसुंब्याहून पडदा आणला, दोन माणसांना उचलेनात असले स्पीकर आणले. धोंड्यावरच्या पोराचा फोटो मोठा करून शाळेपुढं बोर्ड लावला : ‘लहानपणापासून मातीशी नातं’. फिल्लम धनश्रीच्या फोनात होती, म्हणून ती पडद्याला जोडायचं काम तिच्याकडं. रतनबाईनं आपली घोंगडी दिली, भर दिवसा शाळेच्या खिडक्या झाकायला. मागणं एकच केलं.

“आवाज मातर मोठा पायजे, मालक. आमी मेंढरामागं फिरनारी मानसं. बारीक आयकू येत न्हाई.”

“गाव हादरंल, रतनबाई!” अर्जुनराव हसला.

सोमवारी दुपारी शाळा गच्च भरली. मंडळ अधिकारी पुढच्या खुर्चीत, गळ्यात हार. परमेश्वर दारात उभा होता. आपली आई अर्जुनरावाच्या खांद्यावर शाल घालतेय हे बघून तो बाहेर निघाला, तर बबितानं त्याचा सदरा धरला. “आत्याबाई म्हनल्यात, हालू देऊ नको.”

अर्जुनरावानं माईक घेतला. “पडद्यावर जे पोर दिसंल ते दुसरं कुनी न्हाई. मी हाय. अर्जुन बंकटराव. सायेब, ही घ्या खूण.” त्यानं भुवईवर बोट ठेवलं. “आन ह्या फिल्लममधी एक आक्षर खोटं न्हाई.”

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात रतनबाईच्या.

“आला गं ह्यातला डाकू,” ती धनश्रीच्या कानात म्हणाली. “आता सोड आवाज.”

पडद्यावर तलाव आला, बंकटराव आला, धोंड्यावरचं पोर आलं. कॅमेऱ्यामागच्या माणसानं विचारलं, आणि ते शाळाभर घुमलं, “बाळ, तुमचं रान कुठपर्यंत?”

पोरानं बसल्या धोंड्यावर थाप मारली. “हितवर. पल्याडचं टेकडीपर्यंत समदं गायरान हाय, धनगराच्या मेंढरांचं.”