तीस दिवसांची पत्रं

"हात धुतलेत का?" तपासनिसाने विचारलं.

दुकानातून आलेल्या कॉम्प्युटरवालीने नव्या कीबोर्डवरची बोटं उचलली, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा ठेवली. सकाळचे अकरा वाजले होते. टेबलावर दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी होते आणि मधे एक वायर. जुन्यातून नव्यात तपासनिसाचा सगळा संसार चालला होता. फोटो, गाणी, विजेची बिलं आणि निरोपसमारंभातलं स्वतःचंच भाषण, तेही चार प्रतींत. कारखान्यात तीस वर्षं तो मालाचा दर्जा तपासायचा. दुसऱ्यांच्या कामात खोट काढण्याचा त्याला पगार मिळे. निवृत्त झाल्यावर तेच काम तो घरी फुकट करू लागला.

नवा कॉम्प्युटर मुलीने घेऊन दिला होता. महिन्याभरात तिचं लग्न होतं आणि लगेच ती नवऱ्याबरोबर परदेशी जाणार होती. "तिकडून रोज मेल करीन, बाबा," ती म्हणाली होती. त्यावर तो म्हणाला होता, कॉम्प्युटरचा पडदा जरा लहानच आणलास.

आता ती शेजारी पाहुण्यांची यादी घेऊन बसली होती. "बाबा, काकांचं नाव लिहू ना?" तिने आज तिसऱ्यांदा विचारलं.

"सहा वर्षांत एक ओळ लिहिली त्याने?" तपासनीस कॉम्प्युटरवालीलाही ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. "त्याचा फोन मी बंद केला, मान्य. पण मेल उघडा ठेवलाय ना! एक ओळ लिहू दे, मी स्वतः जाऊन त्याची बॅग उचलून आणीन."

काका म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. धंद्याने सुतार. भांडण कशावरून, तर या घराच्या दाराची चौकट तिरकी बसली आहे, असं तो पाहुण्यांसमोर बोलून गेला होता. चौकट तिरकीच होती. दार अजून खांद्याने ढकलावं लागतं. पण तपासनिसाच्या घरात खोट काढायची, तीही सुताराने आणि तीही धाकट्याने! काका पुढे कामासाठी दुसऱ्या गावी गेले. ज्या पोरीला त्यांनी रंधा धरायला शिकवलं होतं, ती बाबांच्या शब्दावर विसंबून राहिली. काका आपल्याला विसरले हे दुःख तिने सहा वर्षं मुकाट्याने गिळलं.

"सर, फाइली झाल्या," कॉम्प्युटरवाली म्हणाली. "आता मेलची सेटिंग आणते. इथे एक नियम लावलेला दिसतोय. या पत्त्यावरून काहीही आलं की थेट कचरापेटीत जातं. आणि कचरापेटी दर तीस दिवसांनी आपोआप रिकामी होते."

मुलगी उठून पडद्याजवळ आली. पत्ता काकांचा होता.

तपासनिसाला आठवलं. भांडणाच्या दिवशी फणकाऱ्यात त्याने आधी फोन बंद केला होता आणि मग हे. फोनचं त्याने चारचौघांत सांगितलं आणि हे साफ विसरून गेला. स्वतःच दाराला आतून कडी घातली आणि भाऊ येत नाही म्हणून गावभर बोंब मारत हिंडला, असला हा शहाणा.

कॉम्प्युटरवालीने कचरापेटी उघडली. तीन पत्रं होती, तिन्ही या महिन्यातली; आधीचं सगळं पुसलं गेलं होतं. मुलीने ती मोठ्याने वाचली.

"दादा, गुडघा कसा आहे?"

"दादा, पोरीचं लग्न ठरल्याचं कानावर आलं. मला नको बोलावूस हवं तर. तारीख तेवढी कळव."

तिसरं परवाचं होतं. "दादा, तिच्यासाठी एक लाकडी पेटी केली आहे. कुणाच्या हाती पाठवू?"

मुलगी एकदम हसायला लागली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "बाबा, काका लिहीत होते! इतकी वर्षं लिहीत होते! उठा, आत्ताच्या आत्ता फोन लावू."

तो उठला नाही. त्याने चष्मा चढवला. तिन्ही पत्रं वरपासून खालपर्यंत वाचली, मग पुन्हा एकदा वाचली. त्यातला गुडघा त्याला दिसला नाही, पेटीही दिसली नाही. भाऊ लिहीत होता, म्हणजे सहा वर्षं आपण खोटे ठरलो, एवढंच त्या माणसाला दिसलं. इतकी सांभाळलेली तक्रार हातची चालली होती, आणि ती गेली तर चारचौघांत सांगायला त्याच्याजवळ दुसरं होतं काय?

"माफीचा शब्द कुठाय यात?" तो म्हणाला.

"बाबा!"

"दाखव ना कुठाय. नाही ना? मग झालं."

"हा नियम काढून टाकू ना, सर?" कॉम्प्युटरवालीने हळूच विचारलं.

"काढायचा नाही. नव्यावर आण."

"आणि ही पत्रं?"

"ती राहू देत तिथेच. कचरा कशाला आणतेस?"

कॉम्प्युटरवालीचा हात माउसवर थबकला. तिने मुलीकडे पाहिलं. मुलगी भांडली नाही. तिने हातातली यादी टेबलावर ठेवली, तळव्याने डोळे कोरडे केले आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"ताई, त्या नियमात आणखी एक पत्ता घाला," ती म्हणाली, आणि स्वतःचा पत्ता एकेक अक्षर सुटं करून सांगू लागली.