दुसरी ओळ

"पत्राची सुरुवात नेहमी हवामानाने करायची," अंजली सांगत होती. "काम कितीही तातडीचं असो, जपानी माणूस आधी झाडं, वारा, थंडी यांचं लिहितो आणि मगच मुद्द्यावर येतो. तिकडे हा सभ्यपणा समजतात."

"म्हणजे आमचे बापूच!" मागच्या बाकावरून राजू म्हणाला. "आधी अर्धा तास पाऊसपाणी, मग हळूच, ट्रॅक्टर देता का?"

वर्ग हसला. निफाडजवळच्या त्या शाळेत आठवी-नववीची नव्वद मुलं एका खोलीत दाटीवाटीने बसली होती. अंजली नाशिकच्या एका कारखान्यात जपानी दुभाषी होती. मुलांना भाषेची गोडी लागावी म्हणून महिन्यातून दोनदा कंपनी तिला अशी शाळांमधून पाठवत असे. तिने फळ्यावर एकमेकींना टेकलेल्या दोन तिरप्या रेघा काढल्या.

"जपानीत 'माणूस' असा लिहितात. एकाला दुसऱ्याचा टेका."

"तंगड्या फाकवून उभा हाय नुसता," राजू म्हणाला.

तेवढ्यात मुख्याध्यापक बोरस्ते सर एका बाईंना घेऊन आत आले. बाईंच्या डोक्यावर द्राक्षांच्या पॅकहाउसमधली जाळीची टोपी तशीच होती. छातीशी काचेची फ्रेम धरलेली.

"मॅडम, या सुलाबाई. आपल्या निकिताच्या आई. यांचा लखन आपल्याच शाळेचा. दोन वर्षं झाली, जपानला भाजीच्या शेतावर आहे. त्याच्या मालकाने प्रशस्तिपत्रक धाडलंय, पण इथे वाचणार कोण? म्हटलं, आज मुलांसमोरच होऊन जाऊ द्या."

पहिल्या बाकावरची निकिता उठून उभी राहिली. "मोबाईलवर भाषांतर करून बघितलं होतं मॅडम. हाताने लिहिलंय ना, त्याला नीट लागत नाही. नुसतं म्हणतो, पानं लाल झाली, तुम्ही कुशल असाल."

"शिक्का बी हाय," सुलाबाईंनी पदराने काच पुसून खालचा लाल गोल शिक्का दाखवला. "म्हणून फ्रेम करून आणली. देवाशेजारीच लावलीय."

अंजलीने फ्रेम हातात घेतली. उभ्या ओळी, निळी शाई, म्हाताऱ्या माणसाचं जपून काढलेलं अक्षर. उजवीकडची पहिली ओळ तिने आधी जपानीत वाचली, मग मराठीत सांगितली. "डोंगरावरची पानं लाल झाली आहेत. आपण सर्व कुशल असाल अशी आशा करतो."

"बघा! हवामान!" सर म्हणाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

दुसरी ओळ आणि तिच्या पुढचं सगळं तिने मनात वाचलं. लखन तीन ऑक्टोबरच्या सकाळपासून खोलीवर परतलेला नाही. पोलिसांना कळवलं आहे. त्याचा फोन, दोन जॅकेटं आणि कुकर खोलीतच आहेत. सामान डिसेंबरअखेरपर्यंत सांभाळू, त्यानंतर मात्र टाकून द्यावं लागेल. मान खाली घालून क्षमा मागतो. त्याखाली शिक्का.

भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान मार्चचं होतं.

"मोठ्याने वाचा ना मॅडम," सर म्हणाले.

"लखनचा फोन येतो का?" अंजलीने विचारलं.

"गणपतीत आला तेवढाच. एजंट म्हणतो, तिकडं काम लय असतं, टाइम भेटत नाय." सुलाबाई एक पाऊल पुढे आल्या. "काय लिवलंय बाई पोराचं?"

नव्वद मुलं पुढच्या टाळीसाठी हात जवळ आणून थांबली होती.

"लिहिलंय," अंजली म्हणाली, "की लखन मेहनती आहे. मालकाला त्याची काळजी आहे."

टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या. कार्यक्रम संपला की यांना ऑफिसात बसवू, पाणी देऊ आणि सगळं सांगू, असं अंजलीने ठरवलं. पण बाहेर टेंपोचा हॉर्न वाजला.

"येते बाई. गाडी थांबलीय, सुपरवायझर बोंबलंल. निके, फ्रेम नीट आण घरी."

"अहो, थांबा—" अंजली दारापर्यंत गेली. टेंपो फाटकातून वळत होता. मागे बसलेल्या बायांना सुलाबाई हात हलवून हलवून काहीतरी सांगत होत्या आणि बाया हसत होत्या.

ती वर्गात परतली तोवर जपानीच्या वर्गाचा नोंदणीचा कागद सगळ्या बाकांवरून फिरून टेबलावर आला होता. त्यावर एकच नाव होतं. मुलं डबे घेऊन बाहेर पळाली. निकिता मात्र फ्रेम मांडीवर घेऊन जागेवरच बसली होती.

"निकिता, त्या पत्रात—"

"सांगू नका मॅडम!" तिने दोन्ही हात काचेवर ठेवले. "आईला सांगितलं तेवढं बस झालं. मला आख्खं आपलं आपण वाचायचंय. मग दादाचा फोन आला की त्याला वाचून दाखवीन. चाट पडेल तो! किती दिवस लागतील?"

अंजली तिच्या शेजारी बाकावर टेकली. दुपारच्या उन्हात काच चमकत होती. तिला या एकाच प्रश्नाचं खरं उत्तर देता येणार होतं.

"हाताने लिहिलेलं वाचायला? तीन वर्षं."

"चालेल." निकिताने वही उघडली, पेन्सिलला टोक काढलं. "तोपर्यंत रोज थोडं थोडं उतरवीन. पहिली ओळ तर कळली. दुसरीपासून घेते." तिने काचेवर बोट टेकवलं. "हा बघा, यातसुद्धा माणूस आहे. फळ्यावरचाच."

जीभ दातांत धरून तिने एक रेघ काढली. मग दुसरी काढली आणि ती पहिलीला नीट टेकवली.

"बरोबर?"

"बरोबर," अंजली म्हणाली. "पुढचं काढ."