महिन्यानंतरचं पान

जास्वंदीच्या पानामागची कीड नीट दिसावी म्हणून सुलभाताईंनी पान डाव्या हातानं उलटं धरलं, फोटो काढला आणि बागकामाच्या फोरमवर टाकून दिला. फोटोत हात येऊ देऊ नका, हा तिथला नियम घाईघाईत त्यांच्या डोक्यातून पार निघून गेला.

मिनिटभरात फोरमनं नेहमीप्रमाणे खाली तेच पान महिन्यानंतर कसं दिसेल, त्याचा फोटो जोडला. असा फोटो आजवर कधी चुकला नव्हता. पान हिरवंगार होतं, किडीचा मागमूस नव्हता. “वाचली हो जास्वंद!” “अभिनंदन, ताई!” भराभर उत्तरं येऊ लागली.

सुलभाताई मात्र त्या नव्या फोटोत पान धरणाऱ्या हाताकडे बघत राहिल्या. मनगटावरचा भाजल्याचा डाग त्यांच्या सुनेचा, ऋजुताचा होता. हातातली पाटली मात्र त्यांची स्वतःची होती. गेल्या तीस वर्षांत ती साबण लावूनही त्यांच्या हातातून कधी निघाली नव्हती.

“आई, काय म्हणतायत लोक?” ऋजुतानं स्वयंपाकघरातून विचारलं.

“झाड जगेल म्हणतात.” त्यांनी आपल्या हातातली पाटली ओढून बघितली. ती जागची हलली नाही. “तू जरा इकडे ये बघू. कडुनिंबाचं तेल पाण्यात किती घालायचं, ते आजच शिकून घे.”