फितूर ग्रह

रविवारी सकाळी प्रणितने फ्लॉपी घातली, तर त्याचा आणखी एक ग्रह रोह्याला जाऊन मिळाला होता. एकही तोफ उडाली नव्हती.

हा तिसरा. सत्त्याण्णव साली पेणमध्ये कॉम्प्युटरचे दोनच क्लास होते, त्यातला एक प्रणितचा. त्याचा शाळेपासूनचा मित्र साईराज रोह्यात राहायचा, धाटावच्या कंपनीत शिफ्ट करायचा. अंतराळातल्या साम्राज्यांचा हा खेळ दोघांनी फ्लॉपीवर मांडला होता. आठवड्याला एक चाल याची, एक त्याची. फ्लॉपीची ने-आण प्रणितची बहीण नम्रता करी. ती रोह्याच्या बालवाडीत शिकवायला होती. आठवडाभर आत्याकडे राहायची आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायची.

खेळाचा नियम साधा होता. ग्रहावरची माणसं नाराज झाली आणि शेजारच्या साम्राज्यातली गाणी, नाटकं, सण त्यांना आवडू लागले, की ती आपण होऊन तिकडे जात. प्रणितने प्रत्येक ग्रहावर जहाजांचा पहारा बसवला होता. त्यापायी कर वाढवले होते. समोरून मात्र जहाज म्हणून येत नसे. सरहद्दीवर नुसती नाट्यगृहं उभी राहत.

"पूर्वी हा माझ्यासारखाच लढायचा," तो म्हणाला. "एवढी अक्कल कुठून आली त्याला?"

"विचार करायला वेळ मिळत असेल आता," नम्रता भाकरी थापत म्हणाली.

सोमवारी पहाटे ती निघाली, तेव्हा त्याने नेहमीसारखं बजावलं, "वाकवू नको, उन्हात ठेवू नको."

"व्हय दादा."

त्याच महिन्यात क्लासमधली नागोठण्याची सहा पोरं यायची थांबली. पाठोपाठ गडब गावच्या दोन मुली. रोह्याला स्टँडजवळ नवा क्लास निघाला होता. त्या मुलींचे वडील पुंडलिक एकदा वडखळला भेटले, तेव्हा प्रणितने विचारलंच.

"काका, पेण जवळ पडतं की. पोरींना एवढ्या लांब कशाला धाडता?"

"मी कुठं धाडतो? त्याच जातात हट्टानं. तिथं ओरडत नाय म्हणे कोण. शनिवारी खेळायला देतात, वाढदिवस करतात. तुझ्याकडं जरा उशीर झाला की दाराबाहेर उभं."

प्रणितने घरची वाट धरली. पडद्यावर जे चाललं होतं तेच क्लासात चाललं होतं. दोन्हीकडे डोकं एकच, आणि ते कुणाचं हे त्याला उमगलं. राग आला, पण त्याहून वाईट वाटलं. एका बाकावर बसलेला मित्र. नम्रतासमोर त्याने हा विषय काढला नाही. तिला तिथे राहायचं होतं, उगाच अवघड नको.

बुधवारी क्लास बंद ठेवून त्याने रोह्याची एसटी पकडली. साईराज शिफ्ट संपवून कंपनीच्या बसमधून उतरत होता. हातात डबा, डोळे तांबारलेले.

"स्टँडजवळचा क्लास तुझाच ना?" प्रणितने सरळ विचारलं. "खेळात हरवलंस, त्याचं काय नाय. माझी पोरं कशाला फोडलीस?"

साईराजने डबा दुसऱ्या हातात घेतला.

"कसला खेळ? होळीपासून माझ्याकडं कॉम्प्युटरच नाय. नम्रता घेऊन गेली ना, तिच्या क्लासात कमी पडत व्हतं म्हणून."