संध्याकाळच्या गाडीपर्यंत रोहा

“एलियाहकाका तुम्हीच ना?”

“आधी खाऊन घे,” म्हातारा म्हणाला. “रिकाम्या पोटी माणसानं रोह्यात काय विचारू नये.”

नथानियल रोहेकर सिनेगॉगच्या पायरीवर पिशवी टेकवून उभा होता. इस्रायलहून मुंबईला आला होता आणि मुंबईहून सकाळीच इथे. वडील आयझॅक मागच्या वर्षी तिकडेच, लोद शहरात वारले. आपल्यासाठी कद्दिश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, एकदा तरी रोह्याच्या सिनेगॉगमध्ये व्हावी, एवढंच त्यांनी मागितलं होतं. तिकडे जुना मित्र एलियाह आहे, तो सगळं बघेल, असंही म्हणाले होते.

कद्दिशला दहा ज्यू पुरुष लागतात. नऊ असले तर ती म्हणत नाहीत. संध्याकाळची गाडी नथानियलला चुकवून चालणार नव्हतं, उद्या विमान होतं.

“दहा जमतील?” त्याने विचारलं.

“दिवस मावळायच्या आत. तिघं पेणवरनं येतायत, रामवाडीच्या स्टँडवरनं एस.टी. पकडतील. नाय जमले तर मला विचार. तोवर तू गाव बघ.”

गावात पाहुण्याने काय करावं, हे काकांनी पक्कं ठरवलेलं दिसत होतं. आधी स्टेशनजवळ बाबाजीच्या हॉटेलात बटाटेवडा, मग नदी, मग जेवण, मग पुन्हा नदी. गणपतीचे कारखाने बघायला पेणला जायला हवं, पण आता वेळ नाही, असं ते दोनदा म्हणाले.

बाबाजीने न मागता दोन वडे जास्त वाढले. “आयझॅकचा पोरगा व्हय? तो माझ्या बापाशी चटणीवरनं भांडायचा.”

“आता चटणी कशी आहे?” नथानियलने विचारलं.

“भांडणारं कोण ऱ्हायलं नाय. म्हणून बिघडली.”

कुंडलिकेच्या घाटावर ते बराच वेळ बसले. पाण्याला औषधासारखा वास येत होता.

“बाबा म्हणायचे, नदीचं पाणी गोड होतं.”

“कंपन्या आल्या ना. पोरांना शिफ्ट मिळाल्या, मासे गेले,” काका म्हणाले. “हिशोब बरोबर बसला म्हणतात.”

मधेच ते उठून कुणाशी तरी हळू आवाजात बोलून यायचे. आल्यावर चेहरा जरा उतरलेला असायचा.

दुपारी चंद्रावतीच्या खानावळीत काकांनी पापलेट सांगितलं. चंद्रावती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“आज कोळंबी नको?”

“आमच्या धर्मात खवल्यांचाच मासा चालतो, माहीत हाय ना गो तुला?”

चंद्रावतीने एकदा पाहुण्याकडे पाहिलं. “अगो बाई, चुकलंच माझं,” ती म्हणाली आणि आत गेली. आतून हसल्याचा आवाज आला, मग भांडं आपटल्याचा. पापलेटाबरोबर तिने पेणचे पोह्याचे पापड आणले आणि त्यांचे पैसे लावले नाहीत. “एलियाहच्या पाव्हण्याला पापड फुकट,” एवढं बोलून डोळ्यांना पदर लावला. चुलीचा धूर असेल, असं नथानियलला वाटलं.

ऊन कलल्यावर ते सिनेगॉगमध्ये आले. आत सात जण टोप्या घालून बाकांवर बसले होते. लग्नात वरपक्षाची माणसं बसतात तसे, ताठ आणि गप्प. काका आणि नथानियल धरून नऊ झाले.

“एकाला ऐन वेळी शिफ्ट लागली,” काका पुटपुटले आणि बाहेर गेले. थोड्या वेळाने ते दहावा घेऊन आले. टोपी त्याच्या डोक्याला लहान होती आणि बाहीला बेसन लागलं होतं.

नथानियलने बाबाजीकडे पाहिलं. बाबाजीने छताकडे पाहिलं.

“काका, जरा बाहेर या.”

पायरीवर दोघं उभे राहिले. आत कुणीतरी खोकलं.

“हे सगळे शेजारी आहेत ना?”

“व्हय.”

“आपल्यातलं कुणीच नाही?”

“नाय उरलं रे. कोण इस्रायलला, कोण ठाण्याला. तुला दुपारीच सांगितलं असतं, तर तू दुपारच्याच गाडीनं गेला असतास.”

“म्हणजे खरे आपण दोघंच.”

काकांनी डोक्यावरची टोपी नीट केली.

नथानियलने पिशवी उचलली. “ही प्रार्थना खोटी करून म्हणत नाहीत, काका. बाबांना चाललं नसतं.”

“थांब.” काकांनी त्याचा दंड धरला. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल, असं वाटलं नव्हतं. “बापासाठी नको म्हणूस. दुसऱ्या एकासाठी म्हण. माझा दोस्त होता. पावसाळ्यात गेला. घरचं कोण नव्हतं, आम्हीच मातीत ठेवला. त्याच्यासाठी दोन शब्द बोलायला कोणाला येत नव्हते. सगळे असेच उभे होतो, आता आत बसलेत तसे.”

“नाव काय त्यांचं?”

नाव जिभेवर यायला काकांना वेळ लागला. “जगन. मिठागरावरचा.”

“हिंदू होते?”

“शुक्रवारच्या प्रार्थनेचा दिवा तोच लावायचा इथं. लहानपणापासनं.”

नथानियलने पिशवी पुन्हा पायरीवर टेकवली. “कद्दिशमध्ये तसंही मेलेल्याचं नाव येत नाही,” तो म्हणाला. “मनात धरायचं असतं. मी दोघांना धरतो.”

तो आत गेला आणि उभा राहिला. वडिलांनी शिकवलेले शब्द त्याने मोठ्याने म्हटले. शेजाऱ्यांना काही कळत नव्हतं, पण त्याने ‘आमेन’ म्हटलं की तेही म्हणायचे. बाबाजी सगळ्यांत मोठ्याने.

स्टेशनवर नथानियलने काकांना मिठी मारली. “बाबा म्हणायचे तसेच आहात तुम्ही,” तो म्हणाला. काकांनी त्याच्या पाठीवर नुसतं थोपटलं. गाडी हलली. खिडकीतला हात दिसेनासा होईपर्यंत ते बघत राहिले.

शेजारी उभ्या असलेल्या बाबाजीने आपली लहान टोपी काढून खिशात घातली.

“चल जगन,” तो काकांना म्हणाला, “एलियाहच्या कबरीवर जाऊन सांगून येऊ.”