कार्डांवरची बुरशी

लतिकाबाईंनी बाल्कनीत जुनी चादर अंथरली, तिच्यावर अल्बम ठेवला आणि पहिलं पान उलटणार तोच निहार म्हणाला, “थांबा काकू. आधी मास्क लावा. बुरशी छातीत जाते.”

त्याने पिशवीतून दोन मास्क काढले, चित्रकलेचे मऊ ब्रश काढले, टिपकागद काढले. मानेसरहून दिल्लीच्या मयूर विहारला यायला सुट्टीची अर्धी सकाळ गेली होती त्याची. लतिकाबाई त्याला आज पहिल्यांदाच पाहत होत्या. त्यांचे पती गजभिये फेब्रुवारीत गेले, तेव्हापासून त्यांचा फोन बंद पडून होता. परवा त्यांनी तो चार्जिंगला लावला, तर सगळ्यात वर याचंच नाव. ‘निहार कार्डवाला’. त्यांनी लावून पाहिला, तर पलीकडून पोरगा ओरडलाच, “काका! कुठे होता इतके महिने?” मग त्याला सगळं सांगावं लागलं.

अल्बममध्ये क्रिकेटची जुनी कार्डं होती, चुइंगमच्या पाकिटातून निघायची ती. गजभिये दर रविवारी जुन्या बाजारात जाऊन ती हुडकून आणायचे. यंदा पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीला ओल आली आणि प्लास्टिकच्या कप्प्यांत कोंडून राहिली. आता फलंदाजांच्या तोंडावर पांढरा कापूस उगवला होता, कडांना काळे ठिपके.

“असं. हलक्या हाताने, आपल्यापासून लांब झाडायचं,” निहारने दाखवलं. “घासायचं बिल्कुल नाही. बुरशी जाईल, डाग राहील. डागाच्या मागे लागलं की चित्रच निघून येतं.”

“एकाचं आलंय,” लतिकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी बाजूला ठेवलेलं एक कार्ड पुढे सरकवलं. ते त्यांनी ओल्या फडक्याने पुसलं होतं. गोलंदाजाचा वर गेलेला हात शाबूत होता, चेहऱ्याच्या जागी नुसता पुठ्ठा.

निहारने ते उजेडात धरलं आणि तो हसला. “काका असते ना, तर ओरडले असते बघा! हे मी त्यांच्याकडे कितीदा मागितलं. म्हणायचे, अरे यार, किडनी माग, हे मागू नकोस.”

“कोण म्हणायचं?”

“काकाच.”

लतिकाबाईंचा ब्रश थांबला. या घरात गजभियेंचा आवाज कधी चढला नव्हता. वाढ. दार लाव. वीजबिल भरलं. दिवसाकाठी एवढंच. भांडण कसं ते झालंच नाही. मैत्रिणी म्हणायच्या, नशीबवान आहेस. लग्न झालं तेव्हा लतिकाबाई रोज संध्याकाळी काहीबाही सांगत बसायच्या, ते ‘हं’ म्हणायचे. पुढे त्यांनी सांगणंच सोडून दिलं.

“तुला फोन करायचे ते?”

“रोज. मी कंपनीच्या बसमध्ये, ते इथे तुमच्या खालच्या पार्कात. माझा स्टॉप यायचा तरी त्यांचं संपायचं नाही. बसमधले पण ओळखायला लागले होते. ‘ले, आ गया तेरे अंकल का फोन.’”

लतिकाबाईंनी वाकून खाली पाहिलं. पार्कात दुपारचं कोणीच नव्हतं. गजभिये तिथे फेऱ्या मारायचे, कानात इअरफोन घालून. बातम्या ऐकत असतील, असं त्यांना वाटायचं. एकदा त्या म्हणाल्या होत्या, मीही येते. “तू कशाला दमतेस,” असं म्हणत गजभियेंनी चपला घातल्या होत्या.

“काय बोलायचे एवढं?”

“काहीही. कार्डांवरून सुरू व्हायचं. मग भंडाऱ्याची शाळा, तलावातले मासे, ऑफिसातले किस्से. एकदा तर आईची आठवण काढून रडले.”

सासूबाई गेल्या तेव्हा लतिकाबाई नवऱ्याच्या शेजारी उभ्या होत्या. गजभियेंच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

“आणि माझ्याबद्दल?” भाजीत मीठ बरोबर आहे का, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं.

“बोलायचे की. नेहमी,” तो म्हणाला आणि साफ झालेलंच कार्ड पुन्हा झाडायला लागला.

लतिकाबाईंनी ते त्याच्या हातातून अलगद घेतलं, टिपकागदात ठेवलं आणि पुढचं कार्ड काढलं. चादरीवर पांढरी भुकटी जमली होती.

“हसायचे का रे?” त्यांनी मधेच विचारलं.

“काका? अहो, केवढ्याने! फोन कानापासून लांब धरावा लागायचा.”

“कसे?”

“कसे म्हणजे?”

“हसून दाखव ना.”

निहार अवघडला. काकू थट्टा करताहेत का, म्हणून त्याने वर पाहिलं. त्या थट्टा करत नव्हत्या. त्याने मास्क हनुवटीवर ओढला, घसा खाकरला आणि हसून दाखवलं. आधी नाकातून दोन-तीन झटके, मग एकदम फुटलेलं, आणि शेवटी खोकल्यात जाऊन विरणारं. शेजारच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणारी बाई वळून बघायला लागली.

लतिकाबाई मान किंचित कलती करून ऐकत होत्या.

“पुन्हा एकदा,” त्या म्हणाल्या.